साडेतीनच्या वर

टोलेडो, ओहायो
११ ऑगस्ट १९८७

श्री. गेझा बर्टोक यांस,

हे पत्र समेटाचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमचा पत्ता मला रोझीच्या शिवणाच्या डब्यात सापडला. माझी बायको अठ्ठावीस वर्षं दर नाताळला तुम्हाला कार्ड पाठवते आणि तुमचीही तिला येतात, हे मला परवा कळलं. त्यावरून मी तिला चार शब्द सुनवायला गेलो. माझी दोन वाक्यं झाली आणि पुढचा तासभर ती बोलली. असो.

काम असं आहे. तुम्ही रीनोला कसिनोत पैजांच्या खिडकीवर बसता, असं त्या कार्डांवरून दिसतं. इथे युनियनच्या हॉलमध्ये आम्ही नऊ निवृत्त काचकामगार रोज दुपारी जमतो. दर ऑगस्टमध्ये प्रत्येकानं चिठ्ठीवर एक आकडा लिहून लोणच्याच्या बरणीत टाकायचा, अशी आमची रीत आहे. आपला फुटबॉल संघ, आपले काचवाले, यंदा सोळापैकी किती सामने जिंकणार, तो आकडा. ज्याचा बरोबर येईल त्याला बाकीच्यांनी बिअर पाजायची. गेली चार वर्षं कुणीच बिअर प्यायलेलं नाही, कारण इतका लहान आकडा लिहायची कुणाची छातीच होत नाही. मागच्या साली दोन जिंकले.

यंदा आमच्यातला लायोश कुठूनसं ऐकून आला की तिकडे नेवाडात काचवाल्यांच्या नावापुढे 'साडेतीन' असं लिहून ठेवलंय. हॉलमध्ये सगळ्यांना तो अपमान वाटला. मग आम्ही प्रत्येकी चाळीस डॉलर काढले. तीनशे साठची मनीऑर्डर सोबत आहे. 'साडेतीनच्या वर' लावा. म्हणजे चार किंवा जास्त जिंकले तर आमची पैज लागली. लागली तर हॉलचा बॉयलर बदलायचा आहे. मागचा हिवाळाभर आम्ही कोट घालून पत्ते खेळलो.

हॉलमध्ये मी 'रीनोतला एक माणूस' एवढंच सांगितलंय. तो माणूस कोण हे कळलं, तर नऊपैकी सहा जण पैसे परत मागतील. १९५९ चा संप इथे कुणी विसरलेलं नाही आणि तो कुणी फोडला हेही.

इम्रे बर्टोक
अध्यक्ष, निवृत्त कामगार मंडळ


रीनो, नेवाडा
१७ ऑगस्ट १९८७

प्रिय इम्रे,

तू मला 'तुम्ही' म्हणालास. लहानपणी कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडायचास तेव्हा कधी म्हणाला नव्हतास. तरी पाकिटावरचं अक्षर ओळखून मी अर्धा तास ते तसंच हातात धरून बसलो होतो, हे कबूल करतो.

पैज लावली. माझ्या खिडकीवर मला स्वतःला लावता येत नाही, म्हणून शेजारच्या खिडकीवरच्या कोन्सुएलोनं तिकीट फाडून दिलं. सोबत आहे. नीट जपून ठेव. हा कागद हरवला तर पैज लागूनही दमडी मिळणार नाही.

आता माझं मत तू विचारलेलं नाहीस, म्हणून देतो. मी असतो तर 'खाली' लावली असती. आमच्या इथला आकडेवाला ऑर्व्हिल हा आकडा कसा काढतो ते मी बघितलंय. तुमच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे. थंडीतले निम्म्याहून जास्त सामने परगावी आहेत. आणि मागच्या वर्षीचे ते दोन विजय शेवटच्या मिनिटाला चेंडू खांबाला आपटून आत गेल्यामुळे मिळाले. ऑर्व्हिल म्हणाला, तीन. वर अर्धा चिकटवला, कारण अर्धा सामना कुणी जिंकत नाही, म्हणजे बरोबरीची भानगड उरत नाही. त्याला तुमचा अपमान करायचा नव्हता. त्याला टोलेडो कुठे आहे तेही धड माहीत नाही.

माझी मार्गिट गेली त्याला चार वर्षं झाली. रोझीला माहीत आहे. आमची लेक इलोन्का सॅक्रामेंटोला नर्स आहे. कार्डांवरून रोझीवर रागावू नकोस. तिनं तुझ्याबद्दल कधी अवाक्षर लिहिलं नाही, फक्त तू जिवंत आहेस एवढं दरवर्षी कळायचं.

गेझा


टोलेडो
२ सप्टेंबर १९८७

गेझा,

तिकीट मिळालं. तू जपून ठेव म्हणालास, तर काचवाल्यांनी ते कसं जपावं? मी स्वतः काच कापली, कडा घासल्या. लायोशनं ओकची चौकट केली. ओल लागू नये म्हणून मागून पुठ्ठा ठोकला, त्यावर मेणकागद, कडेनं लुकण. आता ते बाँबनंसुद्धा निघणार नाही. अध्यक्षांच्या खुर्चीमागे टांगलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी ते दाखवतो आणि मग कॉफी देतो.

तुझ्या ऑर्व्हिलला सांग की गुडघा बरा आहे. मी सरावाला जाऊन आलो, माझ्यासमोर तो पळत होता. लोरेनहून एक नवा पोरगा आणलाय, त्याची मान माझ्या मांडीएवढी आहे. नवा प्रशिक्षक त्यांना भर उन्हात पळवतो. बरणीत मी पाच लिहून टाकलेत. लायोशनं सात लिहिले, पण तो दरवर्षी सातच लिहितो.

मार्गिटचं मला माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी रोझी स्वयंपाक न करता दिवसभर चर्चमध्ये बसून होती. विचारलं तर म्हणाली, पाय दुखतायत. आज कळलं. मार्गिटच्या हातचं पाप्रिकाश मला अजून आठवतं, हे रोझीला सांगू नकोस.

इम्रे


रीनो
२४ सप्टेंबर १९८७

प्रिय इम्रे,

दोन सामने झाले, दोन्ही हरलात. दुसऱ्यात तर तुमचा गुडघेवाला स्वतःच्याच माणसाला अडखळून पडला.  ऑर्व्हिलनं माझ्याकडे बघून फक्त पेन्सिल कानावर ठेवली.

आणि आता खेळाडू संपावर गेले. या रविवारचे सगळे सामने रद्द झाले. पुढच्या रविवारपासून मालक लोक मिळतील ती माणसं गोळा करून संघ उतरवणार म्हणतात. ट्रकवाले, मास्तर, कॉलेजात कधीतरी खेळलेले. संपफोडे. तू लिहिण्याआधी हा शब्द मीच लिहून टाकतो, म्हणजे तुला शाई कमी लागेल.

तू फाटकावर फलक घेऊन उभा राहणार, हे मला इथे बसून दिसतंय. गरम मोजे घाल. तुझे पाय लवकर गारठतात.

गेझा


टोलेडो
१३ ऑक्टोबर १९८७

गेझा,

मोजे घातले होते.

४ तारखेला आम्ही नऊच्या नऊ जण मैदानाच्या फाटकावर होतो. खेळाडूही होते, ते लोरेनचं जाडं पोरगंसुद्धा. ट्रकवाल्यांची युनियन होती, मास्तरीणबाई होत्या. आत जाणाऱ्यांना आम्ही 'लाज वाटू दे' म्हणून ओरडत होतो. एक बाई पोराला घेऊन निघाली होती, ती म्हणाली, "आजोबा, एरवी ही तिकिटं आम्हाला परवडत नाहीत." मी बाजूला झालो.

मग आत सामना सुरू झाला. लायोशनं टोपीखाली कानात छोटा रेडिओ लपवला होता. फाटकावर उभं राहून संपफोड्यांचा सामना ऐकायचा, याला काय म्हणावं? मी त्याला झापणार होतो. तेवढ्यात आतून गर्जना उठली आणि लायोशनं फलकामागून मला बोटं दाखवली. सात-शून्य. सँडस्कीचा कुणी वेंडेल क्रूप, पावाची गाडी चालवतो, त्यानं पन्नास यार्ड चेंडू फेकला होता.

गेझा, तुला सांगतो, हे मी रोझीला सांगितलेलं नाही. राग यायच्या आधी मला आनंद झाला. फक्त क्षणभर. हातात फलक तसाच होता, तोंडानं 'लाज वाटू दे' चालूच होतं. आम्ही जिंकलो. परवा परगावीही जिंकलो. पावाची गाडी चालवणाऱ्यानं दोन आठवड्यांत जे केलं ते आपल्या लोकांनी मागच्या अख्ख्या वर्षात केलं.

आता तुला विचारतो. अठ्ठावीस वर्षं विचारायचं राहिलं. तू त्या सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत गेलास, तेव्हा मी कुठे उभा होतो ते तुला दिसलं होतं का?

इम्रे


रीनो
२० ऑक्टोबर १९८७

प्रिय इम्रे,

दिसलं होतं. फाटकाच्या डाव्या बाजूला, पिंपातल्या जाळाजवळ. गळ्यात आईनं विणलेला तांबडा मफलर. बाकी सगळे शिव्या देत होते. कुणीतरी गोठलेला बटाटा फेकला, तो खांद्याला लागला. तू मात्र खाली बुटांकडे बघत राहिलास. तू शिवी दिली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

इलोन्काला न्यूमोनिया झाला म्हणून मी गेलो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मार्गिटनंही तेच सांगितलं, आणि मरेपर्यंत माझी बाजू घेतली. पण न्यूमोनिया तोवर बरा झाला होता, इम्रे. पोरगी घरात खेळत होती. मी घाबरलो होतो, बाकी काही नाही. सतरा आठवडे झाले होते आणि मला वाटायला लागलं होतं की हा संप आता मिटतच नाही, आपण असेच संपून जाणार. मी आत गेलो आणि बारा दिवसांनी संप मिटला. तुम्ही जिंकलात. ते बारा दिवस मी पुढे किती वेळा मोजले असतील, ते तुला सांगून उपयोग नाही.

परवा तिसरा सामनाही जिंकलात. वेंडेल क्रूपचं नाव आता इथेही सगळ्यांना पाठ झालंय. खरे खेळाडू कामावर परत आलेत, तेव्हा तो बिचारा पुन्हा पाव वाटायला लागला असेल. मला त्याच्याबद्दल थोडं वाईट वाटतं, पण मला वाटणारच.

तिकिटाचं पुढे काय होईल ते होईल. तू लिहीत राहा.

गेझा


टोलेडो
१६ नोव्हेंबर १९८७

गेझा,

तुझ्या त्या पत्राला मी लगेच उत्तर दिलं नाही. मधे दोनदा लिहिलं ते हवापाण्याचं. ते पत्र मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. घाबरलो होतो, असं तू तेव्हा म्हणाला असतास तर मी काय केलं असतं, याचा विचार करतोय. बहुतेक बदडलं असतं. पण बदडून झाल्यावर घरी जेवायला नेलं असतं.

इकडची परिस्थिती अशी, की खरे खेळाडू आल्यापासून चारपैकी चारही सामने हरले. लायोश म्हणतो, कामगार कामावर परत आले आणि काम बंद पडलं. हॉलमध्ये यावर कुणी हसत नाही. एकूण विजय तीन, तिन्ही संपफोड्यांचे. तीनवरच राहिलं तर पैज जाईल आणि आमची मनं साफ राहतील. पण एक जरी आणखी जिंकले तर चार होतात आणि पैज लागते. म्हणजे आमचा बॉयलर तीन-चतुर्थांश वेंडेल क्रूपनं घेऊन दिला, असं होतं. ज्या युनियननं तुला माणसांतून उठवलं, तिच्या हॉलमध्ये.

काल मी चर्चमध्ये बसून, देवा, आपल्या संघाला हरव, अशी प्रार्थना केली. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. आणि हरले. देव ऐकतो, पण नेमकं कुठलं ऐकेल याचा नेम नाही.

इम्रे


रीनो
२५ नोव्हेंबर १९८७

प्रिय इम्रे,

घाबरू नकोस. उरलेल्या सामन्यांत तुमचे काचवाले एकही जिंकत नाहीत. हा ऑर्व्हिलचा नाही, माझा अंदाज. डाव्या बाजूची त्यांची बचावाची फळी बघितलीस का? तिच्यातून मी या वयात चेंडू घेऊन पळत जाईन.

उद्या इलोन्का येतेय. टर्की भाजते म्हणते. मी कोबीचे रोल करणार आहे, मार्गिट करायची तसे. जमले तर लिहीन.

तुला एक सांगायचं आहे, पण ते पुढच्या पत्रात. आज खिडकीवर फार गर्दी आहे.

गेझा


टोलेडो
१४ डिसेंबर १९८७

गेझा,

जिंकले. काल. बर्फात, सहा-तीन. तुझी ती डावी फळी भिंतीसारखी उभी राहिली. तुझ्या अंदाजाचं लोणचं घाल.

चार झाले. हॉलमध्ये लायोशनं फ्रेमवरची धूळ पुसली आणि मग खाली बसला. नऊ जणांत कुणी कुणाकडे बघेना. बॉयलर शुक्रवारपासून पूर्ण बंद आहे. आम्ही हातमोजे घालून पत्ते वाटतो आणि पत्ते खाली पडतात.

शेवटी ठरलं की मत घ्यायचं. येत्या शुक्रवारी, युनियनच्या पद्धतीनं, गुप्त चिठ्ठ्यांनी. पैसे घ्यायचे की नाहीत. संपफोड्यांच्या विजयाचे पैसे आपल्या छपराखाली येता कामा नयेत, असं मी बोलणार आहे. मला बोलावंच लागेल, मी अध्यक्ष आहे. पण खरं सांगू, कालपासून घशाखाली घास उतरत नाही. घेतले तर मी तुझ्याशी अठ्ठावीस वर्षं जे वागलो त्याचा अर्थ काय उरला? आणि नाही घेतले तर ही आठ म्हातारी माणसं जानेवारीत कुठे जाऊन बसतील? काहीही झालं तरी मीच खोटा ठरतो.

तुझं ते पुढच्या पत्रातलं अजून आलं नाही.

इम्रे


रीनो
१७ डिसेंबर १९८७

प्रिय इम्रे,

तुझं पत्र आत्ता खिडकीवर वाचलं. कोन्सुएलोला माझ्या जागी बसवून आलोय. आधी फोन करणार होतो. रोझीनं नंबर कधीच लिहून पाठवला होता. अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. तू उचलला असतास तर अठ्ठावीस वर्षांनी माझ्या तोंडचं पहिलं वाक्य हे निघालं असतं, आणि ते मला नको होतं.

इम्रे, ती फ्रेम फोड. तिकिटाची मागची बाजू वाच. तिथे बारीक अक्षरात छापलंय की संघ मोसमातले सोळाच्या सोळा सामने खेळला नाही, तर पैज रद्द आणि लावलेले पैसे परत. संपाच्या पहिल्या रविवारचा सामना रद्द झाला, तो पुन्हा खेळवलाच नाही. यंदा प्रत्येक संघ पंधराच खेळणार आहे. ६ ऑक्टोबरला आमच्या खिडक्यांवर तशी पाटी लागली. लोक रांग लावून पैसे परत घेऊन गेले.

म्हणजे पैज लागलेली नाही आणि गेलेलीही नाही. वेंडेल क्रूपचा एक सेंटही त्यात नाही. तुमच्या भिंतीवर जे टांगलंय ते तुमचेच तीनशे साठ डॉलर आहेत. कुणी काही घ्यायचं नाही, कुणी काही नाकारायचं नाही. जेव.

हे मला ६ तारखेपासून माहीत होतं. विसरलो होतो असं लिहावंसं वाटतंय, पण तसं नाही. लिहायला बसलो त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, ते फाटकाचं. तिकीट मेलंय असं कळवलं असतं तर तू ते पोस्टानं पाठवलं असतंस, मी पैसे पाठवले असते आणि आपलं काम संपलं असतं. काम संपलं की मी पुन्हा 'श्री. गेझा बर्टोक यांस' झालो असतो. मला तुझी पत्रं हवी होती. तुला त्याचा इतका त्रास होईल असं वाटलं नव्हतं. तू विनोद करत होतास, मला वाटलं तू मजेत आहेस. तू घाबरलास की विनोद करतोस हे मी विसरलो होतो.

हा दुसऱ्यांदा मी तुझ्याशी असा वागलो. या वेळी निदान स्वतः सांगतोय.

गेझा


टोलेडो
२२ डिसेंबर १९८७

गेझू,

पत्र काल दुपारी मिळालं. मी ते पोस्टमनसमोरच उभ्यानं वाचलं आणि नंतर त्याच्याच खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. त्याला वाटलं घरात कुणी गेलं. मी म्हटलं, नाही रे बाबा, कुणी जिंकलं नाही. तो मला आत सोडून गेला. रोझीनं वाचलं, डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावला आणि पहिलं काय केलं असेल तर माझ्यापुढे ताट ठेवलं. मी तीन वाट्या सूप प्यायलो.

मग हॉलवर गेलो. फ्रेम खाली घेतली. तुला सांगतो, ती फोडायला आम्हाला पाऊण तास लागला. लुकण दगडासारखं झालेलं, पुठ्ठा निघेना. लायोश घाम पुसत म्हणाला, कोणत्या गाढवानं ही इतकी पक्की केली? ती त्यानंच केली होती. शेवटी मागची बाजू उघडली, भिंग आणलं आणि लायोशनं मोठ्यानं वाचलं. सोळाच्या सोळा. नऊ काचकामगार, मिळून तीनशे वर्षांचा अनुभव, आणि आम्ही वाचायची बाजू भिंतीकडे करून सील करून टाकली. आधी कुणी हसेना. मग म्हातारा बेनेडेक हसायला लागला, तो ऐंशीचा आहे, त्याला थांबवता येईना आणि मग सगळेच हसलो. खोकत, डोळे पुसत, बंद बॉयलरला टेकून. मी इतकं मोकळं कधी हसलो ते आठवत नाही.

मग लायोशनं विचारलं, हे कळवलं कुणी? मी म्हटलं, रीनोतल्या माणसानं. कोण हा माणूस? मी म्हटलं, माझा भाऊ. गेझा.

 मला वाटलं आता खुर्च्या सरकतील. लायोश तिकीट उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, "तीनशे साठ डॉलर चार महिने त्याच्या हातात होते आणि पूर्ण परत येतायत?" मी म्हटलं, पूर्ण. तो म्हणाला, "पत्त्यांत अजून चोरी करतो का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, अठ्ठावीस वर्षं खेळलो नाही. "मग बघायला पाहिजे," म्हणाला.  सहा जण पैसे परत मागतील म्हणालो होतो ना, एकानंही मागितले नाहीत. त्या पैशांत बंद पडलेल्या एका शाळेतला जुना बॉयलर मिळतोय. बेनेडेकचा जावई बसवून देणार आहे. तिकीट सोबत पाठवतोय, पैसे काढून ठेव आणि पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी आमच्याकडे सॉसेज भरायचं काम असतं. तुला माहीत आहेच. रोझीनं वरची खोली काढून ठेवली आहे. ती म्हणते, अठ्ठावीस वर्षं काढूनच ठेवली होती, मी बघितली नाही एवढंच.

तू मला फसवलंस, त्याचा राग मला आला होता. साधारण सूप गार होईपर्यंत टिकला. आता तो का टिकला नाही ते सांगतो. हे हॉलमध्ये कुणाला माहीत नाही, रोझीलाही नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. मतदान शुक्रवारीच होऊन गेलं होतं. मी पंधरा मिनिटं बोललो. १९५९ काढलं, तुझं नाव न घेता तुला काढलं, संपफोड्याचा पैसा या छपराखाली येणार नाही म्हणालो. बेनेडेकच्या डोळ्यांत पाणी आलं. मग चिठ्ठ्या टाकल्या, लायोशनं मोजल्या. पैसे घ्यावेत, पाच. घेऊ नयेत, चार. सगळे येऊन माझ्या पाठीवर हात ठेवत होते की अध्यक्ष, तू हरलास पण मान ताठ ठेवलीस.

ती पाचवी चिठ्ठी माझी होती, गेझू. बोलून खाली बसलो, पेन्सिल हातात घेतली, बोटं गारठली होती, आणि माझ्या मनात एवढंच आलं की मला फार थंडी वाजतेय. हातानं लिहून टाकलं, 'घ्यावेत'. न्यूमोनिया नाही, पोर नाही, सतरा आठवडे नाहीत. नुसती थंडी. तू सतरा आठवडे टिकलास, मी पंधरा मिनिटं.

तेव्हा तुला माफ करायचा अधिकार आता माझ्याकडे राहिलेला नाही. आणि खरं सांगू, फार हलकं वाटतंय. लवकर ये.

तुझा भाऊ,
इम्रे